कमानीला उतरणारी माणसं

शीवच्या किल्ल्याची टेकडी मागे पडते, मिठीवरचा पूल ओलांडला जातो, आणि मुंबईचं जुनं बेट संपून आमचा रस्ता सुरू होतो. पाटीवर लाल बहादूर शास्त्री मार्ग, बसमध्ये एलबीएस, आणि माझ्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत आग्रा रोड. आजीनं आग्रा कधी पाहिलं नाही. भाजी आणायला मात्र ती रोज आग्रा रोडवर जायची. तिचं म्हणणं अगदी खरं होतं. ठाण्यापुढे कशेळीचा पूल, भिवंडी, कसाऱ्याचा घाट, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर असं करत ही वाट थेट आग्र्याला जाऊन पोचते. आमच्या वाट्याला तिचे पहिले 21 किलोमीटर आले: शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड आणि मग ठाणे.

भांडुपच्या टेकडीवर उभं राहिलं की या उपनगराची मांडणी एका नजरेत कळते. पाठीशी डोंगर, त्याच्या पायथ्यानं गेलेली तानसाची पाइपलाइन, मग रस्ता, मग रेल्वेचे रूळ, मग द्रुतगती महामार्ग, मग मिठागरं, तिवरं आणि शेवटी चमकणारी ठाण्याची खाडी. सगळे एकमेकांना समांतर, दक्षिणोत्तर. डोंगर आणि भरतीचं पाणी यांच्यामध्ये जेवढी कोरडी जमीन उरली, तिच्यातूनच बैलगाड्या, टांगे आणि नंतर मोटारी गेल्या. नकाशावर आखलेले रस्ते मला कधी इतके जवळचे वाटत नाहीत. हा जमिनीला विचारून गेलेला रस्ता आहे.

शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये पूर्वी खाडीच होती. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात, 1798 नंतर, तिथे बांध घालायला घेतला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत बेटावरून साष्टीत कोरड्या पायांनी जाता येऊ लागलं. पुढे 1843 मध्ये जॉर्ज क्लार्क नावाचा सरकारी इंजिनिअर भांडुपला आला होता. मुंबईहून ठाण्याकडे आणि तिथून घाटांकडे लोहमार्ग न्यावा, ही कल्पना त्याला इथेच सुचली, असं रेल्वेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. दहा वर्षांनी, 16 एप्रिल 1853 रोजी, पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली. आमच्या गावाबद्दल मोठ्या ग्रंथांत फारसं काही सापडत नाही. ही एक ओळ सापडली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पण या रस्त्याला त्याचा खरा चेहरा दिला तो कामगारांनी. सपाट जमीन, शेजारी रूळ, डोंगरातून येणारं पाणी, दारातून जाणारा देशभरचा रस्ता: कारखान्यांना आणखी काय हवं होतं! 1950 मध्ये भांडुपपर्यंतचा आणि 1957 मध्ये मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत आला. सीमा मुलुंडला सरकली आणि तिथे जकात नाका उभा राहिला. रस्त्याच्या आजूबाजूला सिएटचे टायर, एशियन पेंट्सचे रंग, क्रॉम्प्टनची विजेची यंत्रं तयार होऊ लागली. कोकणातून, साताऱ्याहून, घाटावरून आलेली माणसं डोंगराच्या उतारावर चाळी बांधून राहिली. पहाटेच्या भोंग्यानं अख्खी टेकडी जागी व्हायची. माझे वडील सायकलवरून पहिल्या पाळीला निघायचे, तेव्हा रस्ताभर डबे लटकावलेल्या सायकलींची रांग असायची. दुपारी तीच रांग उलटी यायची आणि तिच्याबरोबर तेलाचा, रबराचा, घामाचा वास घरात यायचा.

कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेली ही कंपनी. मुंबईभर फिरलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. आज त्या जमिनीवर कोहिनूर सिटी उभी आहे. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा लोकांनी टॅक्सीबद्दल खूप लिहिलं. ती जोडणाऱ्या हातांबद्दल फार कमी.

आणि तिथूनच पुढे कमानी. या थांब्यावर उतरणाऱ्या किती जणांना कमानी ट्यूब्सची गोष्ट माहीत असेल? तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारा हा कारखाना 1985 मध्ये बंद पडला. मालकांच्या घरातले वाद, थकलेली देणी, अंधारलेली शेड. कामगार हिशेबाचे पैसे घेऊन गावी गेले असते तर कुणी नावं ठेवली नसती. ते थांबले. त्यांच्या युनियननं कारखाना आपणच चालवायची योजना तयार केली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि 1988 मध्ये मान्यता मिळवली. भविष्य निर्वाह निधीतले पैसे, म्हणजे म्हातारपणाची भाकर, त्यांनी त्या यंत्रांत घातली. पुढच्या वर्षी भट्ट्या पुन्हा पेटल्या. काही वर्षं त्यांनी तो कारखाना चालवून दाखवला. नंतर तो टिकला नाही. तरीही मला वाटतं, या रस्त्यावर इतक्या उंच इमारती उभ्या राहिल्या, पण त्या पेटलेल्या भट्टीच्या उंचीचं इथे दुसरं काही घडलेलं नाही.

26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठी फुगली, कुर्ला बुडालं. मी शेकडो माणसांबरोबर कमरेएवढ्या पाण्यातून उत्तरेकडे चालत होतो. दिवे नव्हते. पुढे एक वयस्कर गृहस्थ होते. ते मोठ्यानं सांगत होते, ‘हे कमानी आलं, डावीकडे गटार आहे, मधून चला... आता श्रेयस.’ कारखान्याच्या पाळ्या करून पाय मुरलेला माणूस असणार. दिसत काहीच नव्हतं, नावांच्या आधारानं आम्ही चालत होतो. भांडुपचा चढ लागला तेव्हा पहाट झाली होती, आणि दारादारांत बायका चहाची पातेली घेऊन उभ्या होत्या.

2017 मध्ये जकात गेली, तरी माणसं मुलुंडच्या नाक्यालाच भेटतात. आता घाटकोपर ते मुलुंड रस्त्याच्या मधोमध मेट्रो चारचे खांब उभे आहेत. तिच्या आराखड्यातली स्थानकांची नावं मी मुद्दाम शोधून वाचली: श्रेयस सिनेमा, गोदरेज कंपनी, गांधीनगर, शांग्रिला, सोनापूर, मुलुंड नाका. शांग्रिला म्हणजे आमच्या भांडुपची बिस्किट कंपनी. गाडी सुरू झाल्यावर या स्थानकांना कुणा पुढाऱ्याचं किंवा कुठल्या जाहिरातदाराचं नाव लावायची मागणी होईल. तेव्हा विरोधाच्या अर्जावर माझी सही असेल, आणि टेकडीवरच्या घराघरांतून सह्या गोळा करायलाही मी जाणार आहे.