हाडापर्यंतचा पाट

पाच महिन्यांनी काढलेला एक्स-रे डॉक्टरांनी उजेडासमोर धरला, तेव्हा आईच्या नडगीतील भेग पहिल्या दिवसाइतकीच काळी दिसत होती. श्रीरामपूर तालुक्यातील आमच्या वस्तीवर, गोठ्याजवळ पाय घसरून, तिची नडगी घोट्याच्या वर मोडली होती. आईचे वय ७८. शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसली, दूध, नाचणी, कॅल्शियमच्या गोळ्या सारे वेळच्या वेळी चालले होते.

“सळई हाड नुसतं धरून ठेवते. जोडायचं काम रक्ताचं,” डॉक्टर म्हणाले आणि आईकडे वळले, “आजी, मिश्री लावता का?”

आईने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे.

वाचकहो, अंथरुणाला खिळलेल्या जिवाला दुसरे सुख ते काय, म्हणून आठवडी बाजारातून तंबाखू मीच आणत होतो. तव्यावर भाजून, कुटून डबी भरून देण्याचे काम माझी पत्नी करी. मिश्रीतील निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरते आणि बारीक रक्तवाहिन्यांना आकसवते. नडगीच्या खालच्या भागाला मुळातच रक्तपुरवठा कमी. त्यात मधुमेह असला तर आणखी कठीण. आईला तो नाही. मिश्री हे एकमेव कारण असेल असे डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मला तेवढे पुरे झाले.

हाड कसे जुळते, हे त्यांनी निवांत समजावले. मोडल्या जागी रक्त साकळते. प्राणवायूवाचून घुसमटलेल्या पेशी काही प्रथिने सोडतात. त्यांना वृद्धी-घटक म्हणतात. त्यांपैकी एकाच्या हाकेने शेजारच्या रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात, दुसऱ्या काहींमुळे हाड घडवणाऱ्या पेशी तयार होतात. मात्र पेशी जगायची तर रक्तवाहिनी तिच्यापासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकी जवळ हवी. आपल्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे पाणी पाटांनी खाली आले. पण ज्याच्या बांधापर्यंत चारी पोहोचली नाही, त्याने खत कितीही टाकले तरी रान कोरडेच. आमचे कॅल्शियम म्हणजे ते खत होते.

“मग ते प्रथिनच टोचून द्या ना,” मी म्हटले. प्रश्न अगदीच भाबडा नव्हता. १९६५ साली अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी हाडातील क्षार काढून उरलेला भाग प्राण्यांच्या स्नायूत ठेवला, आणि तिथे नवे हाड तयार झाले. त्यामागच्या प्रथिनांपैकी एक पुढे कारखान्यात बनू लागले. तिकडे २००४ पासून नडगीच्या काही उघड्या अस्थिभंगांत ते वापरण्यास परवानगी आहे. पण मात्रा चुकली तर नको तिथे हाड वाढते. प्रयोगशाळेत सच्छिद्र साच्यावर हाड वाढवणाऱ्यांचीही अडचण तीच: कडेच्या पेशी जगतात, गाभ्यापर्यंत रक्त पोहोचण्याआधी मधल्या मरतात. शिवाय ही प्रथिने महाग. आईसाठी डॉक्टरांनी जुनाच मार्ग निवडला. तिच्याच कमरेच्या हाडाचा थोडा कीस काढून भेगेत भरायचा. त्यात जिवंत पेशीही असतात आणि वृद्धी-घटकही.

शस्त्रक्रियेपूर्वी मिश्री बंद करायची होती. ते दिवस मला शस्त्रक्रियेहून जड गेले. तिसऱ्या रात्री आई उठून बसली. “पाय राहू दे तसाच, डबी आण,” म्हणाली. मी नाही म्हटल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सुनेशी मात्र बोलायची, जणू तवा तिचा नव्हताच! घरात कुणी असे अंथरुणावर असेल, तर मिश्री, तंबाखू, बिडी यांविषयी डॉक्टरांना आपण होऊन सांगा. माझ्याप्रमाणे विचारण्याची वाट पाहू नका. आणि सवय सोडवताना रागावू नका. मी रागावलो होतो.

कीस भरल्यानंतर चौथ्या महिन्यात एक्स-रेवर भेगेभोवती धुरकट पांढरा ढग दिसला. डॉक्टरांनी त्यावर पेनाचे टोक ठेवून आईला दाखवले. तिला काही दिसले नाही, पण तिने मान डोलावली. आता ती वॉकर धरून ओट्यापर्यंत येते. डबी अजून उशाशी असते. तिच्यात बडीशेप आहे, असे ती सांगते. मी उघडून पाहिलेली नाही.