रिकामी कळशी

आमच्या माणदेशात बाई रिकाम्या हातानं चालत नसे. डोक्यावर घागर, काखेत पोर, नाहीतर मागं शेळी. यातलं काहीतरी असल्याशिवाय वाटेला लागणं म्हणजे लोकांच्या तोंडाला काम देणं. गडी माणूस नुसताच पारापर्यंत जाऊन आला तरी चालायचं. बाईला मात्र कुणी ना कुणी हटकायचंच, "का गं, कुठं निघालीस?"

माझ्या थोरल्या चुलतीनं, नानीनं, चाळीस वर्षं अर्ध्या कोसावरच्या विहिरीचं पाणी वाहिलं. पुढं दारात नळ आला, गल्लीत गिरणी आली, जातं परड्यात जाऊन पडलं. नानीच्या जिवाला आराम मिळाला, आणि तो तिच्या हक्काचाच होता. साठी ओलांडल्यावर एका पावसाळ्यात अंगणात तिचा पाय घसरला. हात टेकला आणि मनगट मोडलं.

"डोंगराएवढी वझी व्हायली तवा न्हाई मोडलं, आन् अंगणात मोडलं व्हय?" ती सारखी म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी तिला समजेल असं सांगितलं. "नानी, हाड जितं असतं. त्यात उकरणारे असतात आणि भरणारे असतात, शेताच्या बांधासारखं. बाईची पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन आटतं. मग उकरणाऱ्यांना धरबंध राहत नाही. पहिली काही वर्षं तर झीज फार झपाट्यानं होते, आणि ती दुखत नाही, म्हणून कळतही नाही." हाडांची डेक्सा तपासणी झाली. त्यात आकडा उणे २.५ किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ धरतात. नानीचा उणे ३ निघाला.

गोळ्या मिळाल्या, आणि बरोबर चालणं. आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास, झपाझप. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम लागला पाहिजे. गेलेलं हाड चालण्यानं फारसं परत येत नाही. पण झीज मंदावते, पायात बळ येतं, तोल सावरतो. शिवाय खुर्चीवरनं हात न टेकता उठाबशा. कमरेत वाकून जड काही उचलायचं नाही.

खाण्याचाही प्रश्न होताच. दावणीला दोन म्हशी, पण दूध सगळं डेअरीला आणि नानीच्या वाट्याला कोरा चहा. त्या दिवसापासनं तिनं तांब्याभर दूध घरात ठेवायला लावलं. नाना कुरकुरले. "मग हाताचं बिल डेअरी भरणार हाय का?" तिनं विचारलं. बाजरीच्या भाकरीबरोबर तिळाची चटणी रोज ताटात आली.

चालायचं कसं, हा खरा पेच होता. नानीनं कळशी घेतली, रिकामीच, आणि मळ्याची वाट धरली.

"दारात नळ असून पाण्याला?" शेजारणीनं विचारलंच.

"नळाचं ग्वाड लागत न्हाई."

येताना कळशी तशीच रिकामी. दोन-चार दिवसांत शेजारणीला उमगलं आणि तीही आपली कळशी घेऊन निघाली. महिन्याभरात पाचजणी झाल्या. पारावरनं एकजण म्हणाला, "म्हातारपणी मिरवणूक निघाली!"

नानी थांबली. "तुझ्या आईला बी धाड उद्या. तिचं हाड मोडल्यावर सैपाक तू करणार हाईस का?"

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. त्या आठवड्यात कळश्या घरी राहिल्या.

माझी पाळी जाऊन आता दोन वर्षं झाली. पुण्यात टेकडीवर चालताना मला कुणी हटकत नाही. तरी गावी गेले की मी या बायांबरोबर जाते. नानी आता चौऱ्याहत्तरची आहे. मळ्याच्या चढाला ती पुढं असते, आणि मी गप्प झाले की मागं वळून विचारते, "बोल की गं! दम लागला व्हय?"