समुद्राची वेळ

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, धर्मग्रामातील मुलांना वसईजवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावर सहलीला नेण्याचा आमचा प्रघात होता. एका वर्षी सारी तयारी चोख झाली होती. मिस्सा केव्हा संपेल, टेम्पो केव्हा येईल, जेवण केव्हा वाढायचे, सारे ठरले होते. समुद्राची वेळ मात्र कोणीच विचारली नव्हती.

दहाच्या सुमारास पोहोचलो तेव्हा पाणी दूर गेले होते. मुलांनी लांबवरच्या वाळूच्या उंचवट्यावर खेळ मांडला. बाराला जेवणासाठी हाका मारू लागलो, तो मुले आणि आम्ही यांच्यामध्ये पाणी! भरती समोरून येते, अशी आमची समजूत. ती मधल्या सखल जागेतून, मुलांच्या पाठीमागून शिरली होती. मोठ्यांनी हातात हात गुंफून साखळी केली. सर्वांत धाकट्याचे पाय सुटले, तेव्हा जाळे टाकून धावत आलेल्या एका कोळीदादाने त्याला उचलले. मुले सुखरूप परतली. आमची मान मात्र खाली गेली.

त्या रात्री दिनदर्शिका पाहताना आजोबांचा हिशेब आठवला. तिथीला तीनने गुणावे, चाराने भागावे. येईल ती आपल्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची वेळ. ओहोटी त्याच्या सुमारे सहा तास मागेपुढे. त्या दिवशी वद्य चतुर्थी होती. म्हणजे भरती दुपारी ३ ला, ओहोटी सकाळी ९ ला. शिवाय पाणी सारख्या गतीने चढत नाही. तिसऱ्या व चौथ्या तासांतच सुमारे निम्मे चढते. म्हणजे ११ ते १, नेमकी आमच्या खेळाची वेळ!

ईस्टर येतो तो २१ मार्च वा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. आणि पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठे असते. आमचा सण चंद्रावर बेतलेला, आणि आम्ही चंद्रालाच विसरलो होतो.

तेव्हापासून आम्ही सहल अष्टमीच्या आसपास ठेवतो. त्या दिवशी भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराला. शिवाय भांगाचे पाणी, चढउतार बेताचा. चटया सुकलेल्या शेवाळ-काटक्यांच्या रेषेच्या वर अंथरतो, कारण मागची भरती तिथवर आलेली असते. पाणी वळले की मुले सखल भागाच्या अलीकडे आणतो. आजोबांच्या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून मोबाईलवरील नेमक्या वेळाही पडताळून घेतो.

परमेश्वराने समुद्राला मर्यादा घालून दिली, असे पवित्र शास्त्र सांगते. ती मर्यादा रोज कोठवर सरकते, हे निघण्यापूर्वी पाहण्याचे काम मात्र त्याने आपल्यावर सोपविले आहे.