एक, तीन, चार, दोन

2003 सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन गोष्टी घडल्या. दावणीची म्हैस गेली आणि दारात मेलेली मोटार आली. म्हैस गेली म्हणजे विकली. कवठे महांकाळच्या आमच्या भागात त्या साली कडब्याची पेंढी सोन्याच्या भावानं मिळत होती. तिला खायला काय घालायचं, या प्रश्नाला उत्तर उरलं नव्हतं. सांगोल्याच्या बाजारात नऊ हजार आले. आईनं ते फडक्यात बांधून कणगीमागं ठेवले. पाऊस पडला की दुसरी म्हैस घ्यायची, हे ठरलेलं होतं.

त्यातले साडेपाच हजार मी मोटारीला घातले.

मोटार म्हणजे गावातल्या डॉक्टरांची फियाट, 1982 चं मॉडेल. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडं तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेरा वर्षं ती चालवली. 95 साली डॉक्टर गेले आणि गाडी वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडात उभी राहिली, ती आठ वर्षं तशीच. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. चारही टायर जमिनीला चिकटलेले. डॉक्टरांच्या घरच्यांनी वाडा विकायला काढला, तेव्हा भंगारवाल्यानं गाडीला पाच हजार लावले. मी पाचशे चढवले. काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळींनी, नाव बदलायच्या एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्या आणि एवढंच म्हणाल्या, “तुझ्या वडिलांनी तिला लेकरासारखी जपली बघ.”

बैलजोडी लावून गाडी ओढत घरी आणली, तेव्हा निम्मं गाव मागं होतं. आई दारात उभी. तिनं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि आत निघून गेली. रात्री जेवायला वाढताना बोलली.

“जगात दुसरी गाडी मिळाली न्हाई तुला?”

मी हिशोब सांगायला लागलो. सांगलीच्या आयटीआयमधून मी वायरमन झालो होतो आणि बोअरच्या मोटारी रिवाइंड करून देत होतो. जळालेली मोटार शेतातनं तालुक्याला आणायची, भरून परत न्यायची, तर भाड्याच्या टेम्पोतच निम्मे पैसे जात. स्वतःची गाडी असली तर डिकीत दोन मोटारी बसतील. हिशोब खरा होता. पण आई हिशोबाचं बोलत नव्हती.

“तू तीन वर्साचा व्हतास,” ती म्हणाली. “रातचं अंग नुस्तं भाजत व्हतं. डोळं फिरवलंस. डाक्टर रेल्वेनं कोल्लापूरला गेल्यालं, गाडी शेडात. आन किल्ली ह्येंच्या कमरंला.” तिनं अण्णांकडं बघितलं नाही. “म्या म्हनलं, काढा गाडी. तर म्हनलं, मालकाला इचारल्याबिगार कशी काढू? सहा किलोमीटर चालत गेली मी, तुला पाठीला बांधून. पाऊस ह्यो असा.”

अण्णा ताटावरनं उठले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसले. मला ही गोष्ट तेवीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. हातात साडेतीन हजार उरले होते. त्यात गाडी उभी राहिली तर राहिली, नाहीतर भंगारवाला होताच.

इंजिन जाम होतं. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातनं रॉकेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि आठवडाभर हात लावला नाही. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती यांच्यामध्ये गंज धरलेला असतो. तिथं घाई करून जोर लावला तर रिंग तुटते आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेर जातो. आठ दिवसांनी टायरांत हवा भरली, गाडी टॉप गिअरला टाकली आणि चार पोरं लावून पुढं-मागं, पुढं-मागं हलवायला लावली. पहिल्यांदा भिंत ढकलल्यासारखं वाटलं. मग कधीतरी चाक बोटभर जास्त सरकलं. मग वीतभर. एका पोरानं खाली वाकून बघितलं आणि ओरडला, “पंख्याची पुली फिरतीया!” प्लगच्या भोकांतनं काळं रॉकेल पिचकारीसारखं उडालं. सगळ्यांची कापडं खराब झाली, पण कुणी शिवी दिली नाही.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं होतं, ते माझ्याच धंद्यातलं काम. ते फुकटात झालं. पॉइंट पॉलिश पेपरनं घासले आणि त्यांच्यातली फट लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घालून धरली. डिस्ट्रिब्यूटरची टोपी तडकलेली. या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायच्या थांबून दोन-तीन वर्षं झाली होती, तालुक्याला माल मिळेना. मग पुण्याला जाणाऱ्या एका ट्रकच्या केबिनमध्ये बसून रविवारी जुन्या बाजारात गेलो. जमिनीवर पोत्यावर मांडलेल्या लोखंडाच्या ढिगात अख्खी फियाट सुटी पडलेली असते, फक्त ओळखता यायला पाहिजे. ऐंशी रुपयांत टोपी मिळाली, एकशेवीसला कॉइल. येताना एसटीत ती टोपी मांडीवर धरून बसलो होतो.

पेट्रोलची टाकी डिकीतनं उतरवली. आतलं पेट्रोल आटून त्याची लाखेसारखी चिकट खळ झाली होती. टाकीत मूठभर बारीक खडी आणि सायकलची तुटकी चेन टाकून दोघांनी हलवली, रॉकेलनं सहा वेळा विसळली. तरी भरवसा नव्हता. म्हणून पहिल्या सुरुवातीला टाकीतनं पेट्रोल घ्यायचंच नाही, असं ठरवलं. शेडात डॉक्टरांच्या सामानात सलाइनची रिकामी बाटली आणि नळी होती. ती उघड्या बॉनेटला वरनं टांगली, अर्धा लिटर पेट्रोल भरलं आणि नळी सरळ कार्बोरेटरला लावली. जमलेली म्हातारी माणसं म्हणाली, “डाक्टरच्या गाडीला सलाइनच लागनार की.”

ट्रॅक्टरची बॅटरी उसनी आणली होती. सेल मारला. इंजिन फिरलं, एकदा धडपडलं, आणि कार्बोरेटरच्या तोंडातनं फट्ट करून जाळ बाहेर आला. परत मारला. परत फट्ट. बाटलीची नळी हातात धरलेला पोरगा पळालाच. मी पॉइंट बघितले, प्लग बघितले, ठिणगी पडत होती. दिवस मावळेपर्यंत तेच. बॅटरी उतरली आणि मीही उतरलो. लोक घरी गेले.

अण्णा ओट्यावर बसून होते. गाडी आल्यापासून ते तिच्याजवळ आले नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस आवाजावरनं ओळखायचे. ते म्हणाले, “तारा कशा लावल्यास?”

“एक, दोन, तीन, चार. नंबरानं.”

“नंबरानं न्हाई चालत ते,” अण्णा म्हणाले. काठी टेकत आले, चाचपडत बॉनेटपाशी उभे राहिले आणि डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर बोट ठेवलं. “रोटर कुठनं कुठं फिरतो बघ. त्या अंगानं मोजायचं. एक. मग तीन. मग चार. मग दोन.”

मी आयटीआय झालेला माणूस. चार सिलिंडरांत ठिणगी ओळीनं पडत नाही, क्रँकचा तोल साधायला तिचा क्रम वेगळा असतो, हे मी पुस्तकात वाचलेलंही होतं. पण हातांनी सवयीनं एक-दोन-तीन-चार केलं. अण्णांनी पुस्तक बघितलं नव्हतं. त्यांनी तेरा वर्षं कान दिला होता.

कंदिलाच्या उजेडात तारा बदलल्या. बॅटरी रातभर चार्जिंगला लावली. सकाळी दुसऱ्या सेलला इंजिन धरलं. धूर एवढा निघाला, की शेजारच्या घरातनं काय पेटलं ते बघायला माणसं आली. अण्णा मडगार्डवर तळहात ठेवून उभे होते. ओठ हलत होते. एक, तीन, चार, दोन.

आई चुलीपुढनं उठली नाही.

चालू झालेल्या गाडीचं मोल थांबणाऱ्या गाडीइतकं नसतं. ब्रेकच्या चारही चाकांची रबरं कुजलेली होती, मास्टर सिलिंडर गळत होता. रबराची किटं चारशेवीस रुपयांना आली आणि तिथं मी घासाघीस केली नाही. नवं ऑइल भरलं की पाइपातली हवा काढावी लागते, त्याला दोन माणसं लागतात. एकानं पॅडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी नट सैल करून हवा सोडायची. सगळ्यांत लांबच्या चाकापासनं सुरुवात. मी मागच्या डाव्या चाकाखाली आडवा, अण्णा स्टिअरिंगवर.

“दाबा. धरा. सोडा.”

“दाबा. धरा. सोडा.”

आठ वर्षांनी ते त्या सीटवर बसले होते. तिसऱ्या चाकाला असताना वरनं आवाज आला.

“त्या रातीला मी दोनदा शेडापातूर गेलतो.”

मी खाली गप्प.

“दुसऱ्या बारीला दार उघडून आत बसलो. किल्ली लावली. मग वाटलं, वाटंत काय झालं, कुटं धडकली, तर उद्या चूल कशानं पेटायची? उतरलो. पाठीमागनं पळत गेलो तर तुझी आई पार वढ्याच्या पल्याड गेलती.” पॅडल दाबलेलंच होतं. “वढ्याला पानी व्हतं. ती कशी गेली त्या पान्यातनं, आजून कळलं न्हाई मला.”

नटातनं बुडबुडे यायचे थांबले होते. “सोडा, अण्णा,” मी म्हटलं.

ही गोष्ट मी आईला सांगितली नाही. ती सांगायची होती त्यानं सांगावी, असं वाटलं.

जुनी बॅटरी आठशे, मागचे दोन रिमोल्ड टायर नऊशे, इंजिन ऑइल साडेतीनशे, रेडिएटरची झाळणी दीडशे, पेट्रोल पंपाचं किट साठ, पॉइंट-कंडेन्सर नव्वद. वहीत अजून ते पान आहे. सगळं मिळून दोन हजार नऊशे सत्तर. उरलेल्या पाचशे तीसचं पेट्रोल. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं पासिंग राहिलं होतं. त्याचे पैसे दोन मोटारी भरून उभे केले आणि सांगलीला जाऊन ते करून आणलं. साहेबांनी हेडलाइट लावायला लावली, ब्रेक मारायला लावला. गाडी जागेवर थांबली. तेव्हा मला चारशेवीस रुपये आठवले.

पहिली लांबची फेरी मिरजेची, अण्णांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. पहाटे पाचला निघायचं होतं. मी गाडी गरम करत होतो. अण्णा बाहेर आले, चाचपडत मागचं दार उघडलं आणि दार धरून उभे राहिले. काकूंसाठी ते तसंच धरत असणार.

“बस,” ते आईला म्हणाले.

आई पदर नीट करत उंबऱ्यात उभी. क्षणभर वाटलं, ही आता एसटीनं येते म्हणणार.

“मागं न्हाई बसायची मी,” ती म्हणाली. “फुडं बसती. मला वाट बघायचीया.”

मग मागच्या सीटवर अण्णा बसले. तेरा वर्षं ती गाडी चालवणारा माणूस त्या सीटवर पहिल्यांदाच बसत होता. ओढ्यापाशी मी गिअर बदलला, गाडी पुलावर चढली. आई खाली बघत होती. ओढा कोरडाच होता.

“हितं कमरंएवढं व्हतं,” ती म्हणाली.

मागनं अण्णा म्हणाले, “मी आलतो हितपातूर. तू फुडं गेलतीस.”

आई बराच वेळ बोलली नाही. डांबरी रस्ता लागला तेव्हा मागं न वळता म्हणाली, “मग हाक का न्हाई मारली?”

त्याला अण्णांकडं उत्तर नव्हतं. इंजिन आपल्या क्रमानं वाजत होतं. मिरजेपर्यंत कुणी काही बोललं नाही, पण ते गप्प बसणं आधीच्या वीस वर्षांसारखं नव्हतं.

अण्णांचा एक डोळा त्या दिवशी झाला, दुसरा उन्हाळ्यात. पट्टी काढल्यावर घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “रंग लई गेलाय की रं.” फियाटनं पाच वर्षं माझ्या मोटारी वाहिल्या. डिकीची स्प्रिंग बसली, बूड गंजलं, शेवटी विकली ती चार हजारांना. दोन पावसाळ्यांनी दावणीला म्हैस आली, तिचे पैसे गाडीनंच मिळवले होते. तिला आणायला आम्ही तिघं सांगोल्याला गेलो, आई पुढच्या सीटवर. म्हैस टेम्पोत चढवल्यावर आई बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. ते अजून गरम होतं. तिनं हात काढला नाही.