नानांची सात रजिस्टरं

आमचे नाना लष्करात लॉरी चालवायचे आणि लढाईहून परत आल्यावर त्यांनी एक कादंबरी लिहिली, हे आम्हा तिघा भावंडांना समज आल्यापासून माहीत होतं. ती वाचलेली मात्र घरात कुणीच नव्हती. जुन्या नाशकातल्या घराच्या माळ्यावर, हिरव्या लोखंडी ट्रंकेत ती पडून होती. नानांचा इन्तेकाल २००१ मध्ये झाला, अल्लाह त्यांची मगफिरत फरमावो. त्यानंतर वीस वर्षं त्या ट्रंकेवर गाद्या रचल्या गेल्या, ईदला पाहुण्यांसाठी खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. ‘नानांची अमानत आहे’ असं आम्ही विचारणाऱ्याला सांगायचो. अमानतीला हात न लावणं म्हणजेच ती सांभाळणं, अशी आमची समजूत होती.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माळा गळला आणि ट्रंक उतरवावी लागली. आत सात रजिस्टरं निघाली. तळाचं ओलं होऊन फुगलेलं, चौथ्याच्या टाचण्या गंजून कागदात उतरलेल्या, दोघांना कसर लागलेली. पहिल्या पानावर नावासाठी जागा सोडलेली होती. नाव नानांनी घातलंच नव्हतं. खाली एवढंच लिहिलं होतं की ही कादंबरी आहे. आमची अम्मी तेव्हा हयात नव्हती. नानांचं अक्षर तिला सगळ्यांत चांगलं लागायचं. आम्ही वीस वर्षं काय सांभाळलं, असं त्या दिवशी आम्ही एकमेकांना विचारलं नाही, पण तिघांच्याही मनात तेच होतं.

नाना १९४२ मध्ये भरती झाले ते रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेत पंचवीस लाखांच्या आसपास माणसं होती, त्यांतले सगळेच काही बंदूक घेऊन पुढे नव्हते. कुणीतरी पीठ, डाळ, रॉकेल, दारूगोळा वाहून न्यायचा असतो. १९४३ च्या सप्टेंबरात आठवी इंडियन डिव्हिजन इटलीत तारांतो बंदरावर उतरली. नानांची लॉरी तिच्या मागोमाग. नोव्हेंबरात ही फौज सांग्रो नदीवर अडली. वर पाऊस, खाली पूर, बांधलेले पूल वाहून जात होते. आज त्या नदीजवळ युद्धातल्या सैनिकांचं कब्रस्तान आहे. आपले मुसलमान शिपाई तिथे दफन आहेत, आणि ज्यांचं दहन झालं अशा पाचशेहून अधिक हिंदुस्थानी सैनिकांची नावं तिथेच एका स्मारकावर कोरलेली आहेत. नाना त्या जागेचं नाव ‘संगरू’ लिहितात. ते इटलीतलं सांग्रो आहे हे शोधायला आम्हाला दोन महिने लागले.

परत आल्यावर त्यांना देवळालीच्या छावणीत ड्रायव्हरची नोकरी मिळाली. लिहायला बसले ते खूप नंतर, आणि त्याला निमित्त झाले मनोहर माळगावकर.

माळगावकरांचं नाव आज मराठी घरांत कमी घेतलं जातं, कारण मातृभाषा मराठी असून त्यांनी लिहिलं इंग्रजीत. जन्म १९१३ चा. मराठा लाइट इन्फंट्रीत लेफ्टनंट कर्नलपर्यंत पोहोचले, १९५२ मध्ये लष्कर सोडलं, आणि १९६० मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, ‘डिस्टंट ड्रम’. पलटणीचं नाव कल्पित, पण आतलं जग त्यांच्या ओळखीचं. त्यात किरण गरुड आणि अब्दुल जमाल हे एकाच पलटणीतले दोन अफसर जिवलग दोस्त असतात. फाळणी होते, अब्दुल पाकिस्तानी फौजेत जातो, आणि पुढे काश्मीरच्या शस्त्रसंधी रेषेवर दोघे समोरासमोर येतात. आमचे मामू कॉलेजात असताना त्यांनी ही कादंबरी जुन्या पुस्तकांतून आणली. नानांना इंग्रजी येत नव्हतं. रोज इशानंतर मामू एकेक पान मनातल्या मनात वाचायचे आणि नानांना आपल्या बोलीत सांगायचे. किरण आणि अब्दुलची भेट नानांनी दोनदा सांगायला लावली म्हणे. पुस्तक संपलं तेव्हा ते म्हणाले, “साहब ने साहब लोगों का लिखा, अच्छा लिखा. मगर ये लोग खाते क्या थे, वो कौन लाता था?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून पहिलं रजिस्टर आणलं.

(मामूंनी नंतर माळगावकरांची ‘अ बेंड इन द गँजेस’ही आणली. त्यातला शफी उस्मान, जो क्रांतिकारकांचा नेता असतो आणि पुढे कट्टर होतो, तो मामूंना खटकला होता. आम्हालाही खटकतो. पण मामूंनी पुस्तक फेकलं नाही, ते अजून आमच्या कपाटात आहे.)

लेखक गेल्यावर त्याचं काय उरतं, हा विचार आम्ही रजिस्टरांच्या निमित्ताने पहिल्यांदा केला. आपल्या नाशकात कुसुमाग्रज होते. त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान त्यांच्या हयातीतच, १९९० मध्ये उभं राहिलं. माळगावकर शेवटपर्यंत जोयडा तालुक्यातल्या जगलबेटला, जंगलातल्या ‘बुरबुसा’ बंगल्यात राहिले. एकुलती एक मुलगी १९९८ मध्येच गेली होती. १४ जून २०१० ला ते स्वतः गेले. पोटचं कुणी मागे नसलं तरी त्यांची पुस्तकं दुकानात मिळतात, कारण ती छापलेली आहेत. आमच्या नानांचं उलटं. नातवंडं, पतवंडं मिळून घर भरलेलं, आणि पुस्तकाची प्रत एकच, तीही ओली.

मग आम्ही कामाला लागलो. रजिस्टरं उन्हात घालायची नसतात, हे आधी कळलं नाही, एक घातलं आणि त्याची शाई फिकी झाली. त्यानंतर पंख्याखाली, सावलीत, पानांमध्ये कोरे कागद घालून सुकवली. टाचण्या एकेक करून काढल्या. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घेतला, आणि फोटोला रजिस्टरचा आणि पानाचा नंबर दिला. सहाशे बारा पानं झाली. दोन पेनड्राइव्ह केले, एक धाकट्याकडे, एक बहिणीच्या सासरी. हे काम आम्हाला वाटलं तेवढं अवघड गेलं नाही.

अवघड होतं ते वाचणं. आमच्यातली थोरली शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून ते तिच्याकडे आलं (ही ओळही तीच लिहीत आहे). पण पुढच्या पिढीत कुणालाच हे अक्षर लागत नाही. मुलं मराठी किंवा इंग्रजी माध्यमात आहेत. कुराण शरीफ वाचतात, तिथे जेर-जबर दिलेले असतात. नानांच्या घाईच्या उर्दूत ना जेर ना जबर, नुक्तेही अर्धेच. म्हणून आम्ही ठरवलं की भाषा तीच ठेवायची, एक शब्द बदलायचा नाही, फक्त लिपी देवनागरी करायची. रोज दोन पानं. ‘लाम’ म्हणजे लढाई, ‘करपोल’ म्हणजे कॉर्पोरल, हे हळूहळू कळत गेलं. सगळ्यांत जास्त फसवलं ते शब्दाच्या शेवटच्या ‘ये’ने. छोटी ये म्हणजे ‘ई’, बडी ये म्हणजे ‘ए’. नाना दोन्ही एकाच फटकाऱ्यात काढायचे. मागचापुढचा संदर्भ पाहून ठरवावं लागायचं.

कादंबरीत बंदूक दोनदाच वाजते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आठवते. १९३९ ची ती कादंबरी युद्धाची म्हणून ओळखली जाते, पण घडते युरोपातून निघालेल्या बोटीवर, ज्यू निर्वासितांमध्ये. नानांनी ती वाचलेली असण्याचा संभव नाही. त्यांच्या कादंबरीत चिखल आहे, रुतलेली लॉरी आहे, पोत्यांचा हिशेब आहे, आणि चौथ्या रजिस्टरात तो बाब आहे ज्याच्यामुळे आमच्या घरात वर्षभर नीट बोलणं झालं नाही.

त्या बाबात पुराच्या रात्री ड्रायव्हर एका पडक्या घराशी थांबतो. आत एक इटालियन बाई आणि दोन मुलं. तो सरकारी रेशनमधलं पिठाचं एक पोतं त्यांना देतो आणि कंपनीत सांगतो की पोतं नदीत गेलं. चौकशी होते. ठपका त्याच्या साथीदारावर येतो, त्याची नायकाची फीत उतरते. ड्रायव्हर गप्प राहतो, कादंबरी संपेपर्यंत गप्प राहतो.

आम्ही हे खालाजानना सांगितलं. त्या नानांच्या थोरल्या लेक, ऐंशीला आल्या आहेत, मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मेरे अब्बा को छापे में चोर बनाते क्या तुम लोग?” ही कादंबरी आहे, पात्र आहे, असं आम्ही समजावलं. “लोक पात्र म्हणणार नाहीत,” त्या मराठीत म्हणाल्या. रागावल्या की त्या मराठी बोलतात. “ड्रायव्हर तोच, नदी तीच. मरहूम माणसाच्या ऐबावर पडदा टाकायचा असतो, एवढंही शिकवलं नाही का तुमच्या अम्मीनं?”

त्यांचं चुकलं असं आम्हाला म्हणता येईना. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, हे आम्ही वर्गातही सांगतो. पण अमानतीत फेरफार करू नये हेही आम्हीच सांगतो. धाकटा म्हणाला, एक बाब काढला तर काय होईल? बहीण म्हणाली, मग साथीदाराची फीत दुसऱ्यांदा उतरेल. त्यावर धाकटा उठून गेला.

कायदाही पाहिला. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेलं पुस्तक नंतर छापलं, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, आणि तो वारसांचा असतो. नानी आधीच गेल्या होत्या. एक मुलगा, दोन मुली. शरियतच्या वाटणीने मामूंचे आठ आणे, खालाजानचे चार आणे, अम्मीचे चार आणे. मामूही आता नाहीत. त्यांच्या मुलांनी फोनवर ‘आपण ठरवाल ते’ म्हणून सांगितलं. म्हणजे हिशेबाने बारा आणे आमच्या बाजूला होते. आम्ही ते खालाजानना कधी सांगितलं नाही. बारा आण्यांच्या जोरावर म्हातारीचं तोंड बंद करून छापलेलं पुस्तक आम्ही कुणाच्या हातात देणार होतो?

छपाई थांबली. लिप्यंतर चालू राहिलं.

गेल्या रमजानमध्ये धाकट्याची मुलगी, आठवीतली, असरनंतर खालाजानपाशी बसून देवनागरीतली पानं वाचू लागली. त्यांनीच बोलावलं होतं, रोजा लांब जातो म्हणून. पहिली तीन रजिस्टरं वीस दिवसांत झाली. खालाजान मध्येच हसायच्या, लॉरीला नानांनी दिलेलं नाव त्यांना ठाऊक होतं. चौथं आलं तेव्हा आम्ही मुलीला म्हटलं, तो बाब राहू दे. ते खालाजानच्या कानावर गेलं. “पढ़ने दो. सुनने को क्या हुआ. छापू नका म्हटलं, वाचू नका कुठं म्हटलं?”

आम्ही तिघंही दाराशी उभे राहिलो. मुलगी वाचत होती. नदीचा आवाज, दिवे बंद केलेली लॉरी, पडकं घर. बाई दारात येते, लेकराला कडेवर घेऊन, आणि हात पुढे करून एकच शब्द म्हणत राहते. “पानी, पानी,” मुलीने वाचलं.

“रुक,” खालाजान म्हणाल्या. “नदी को पूर आएला है. ऊपर से बारिश. उसको पानी कायको होना?”

मुलगी आमच्याकडे पाहू लागली. थोरलीने रजिस्टर उघडून तो शब्द पाहिला. शेवटची ये छोटी की बडी, काही सांगता येत नव्हतं.

“पाने होगा वो,” खालाजान म्हणाल्या. “पाने. उनकी जबान में रोटी. अब्बा दस्तरख्वान पे बैठे तो कभी कभी बोलते थे, पाने लाओ. हम समझते थे मजाक करते. फिर रोटी हाथ में लेके बैठे रहते.”

मुलीने पेन्सिलीने वेलांटी खोडली आणि वर मात्रा दिली. दोन्ही ठिकाणी.

“आगे पढ़,” खालाजान म्हणाल्या.