आधणात पेरलेलं पीठ

हरभरा वातूळ, हे आमच्या घरांत कुणी पोथी उघडून शिकलं नाही. डाळीचं पीठ आणि हिंग यांची जोडी मात्र कुणी मोडली नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २७व्या अध्यायात, हरभरा मसुराच्या पंगतीला बसतो: पचायला हलका, गुणानं थंड, चवीला गोड-तुरट आणि कोरडेपणा आणणारा. पित्त-कफ वाढला तर त्याचं सूप द्यावं, लेपही करावा. मला यातला कोरडेपणा फार मोलाचा वाटतो. उटण्यातलं डाळीचं पीठ अंगावरचं तेल ओढून घेतं ते याच गुणानं. पोटात गेल्यावर तोच गुण वात वाढवतो. आजचं आहारशास्त्र रॅफिनोजसारख्या शर्करांकडे बोट दाखवतं. त्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि पोटात गुबारा धरतो.

आता पिठल्याची कढई बघा. तेल सढळ, कोरडेपणाला पहिला उतारा तोच. त्यात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, म्हणजे एकूण एक उष्ण आणि वायू सारणारं. पाण्याला खळखळून आधण आलं की डाव्या हाताच्या चिमटीतून पीठ पेरायचं आणि उजव्या हातानं उलथणं थांबवायचं नाही. रंग फिका पिवळा असतो तोवर पीठ कच्चं. झाकण ठेवून दोन वाफा आल्या, रंग गडद झाला, कडेनं तेल सुटलं आणि कच्चा वास गेला, की उतरवायचं. भज्यांत ओवा, कढीत आलं, लाडवाला तुपात तासभर मंद भाजणं, सगळीकडे हाच विचार आहे. म्हणून हल्ली प्रथिनांसाठी तव्यावर घाईनं उलटलेली, तेलाचा थेंब नसलेली, आतून ओलसर धिरडी पाहिली की जीव हळहळतो. पीठ चांगलं, पण त्याची निगा राहून गेली.

हरभऱ्याच्या शेतात याहून नवल घडतं. थंडीत त्याच्या पानांवर आंबट द्रव सुटतो, अनवाणी चालणाऱ्याच्या पायांना तो झोंबतो. रात्री पिकावर स्वच्छ पांढरं फडकं पसरतात, पहाटे दवानं भिजलेलं ते फडकं पिळून आंब बाटलीत भरतात. अजीर्णावर, पोटदुखीवर ही आंब पाण्यातून थेंबथेंब देतात. दाण्यानं पोट फुगावं आणि पानानं ते उतरवावं, एवढी सोय एकाच झाडात!

ज्यांना वाताचा त्रास आहे त्यांनी पिठलं सोडू नये, दुपारी खावं. पातळ, गरम, ज्वारीच्या भाकरीबरोबर, वर कच्चं तेल घेऊन. रात्री मन झालंच तर ताकाची कढी करावी. तिला पीठ चमचाभर पुरतं, तेही ताक फुटू नये एवढ्यापुरतं.