बुमराहची पाठ आणि आमची निवड समिती

२०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचांपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच जाहीर झाले आणि आमच्या कट्ट्यावर उभी फूट पडली. एका पक्षाने लगोलग २००२ चे अँटिग्वा काढले: मोडलेला जबडा पट्टीने बांधून कुंबळेने १४ षटके टाकली, लाराला पायचीत केले, आणि यांना म्हणे विश्रांती!

आम्ही दुसऱ्या पक्षातले. त्याच जानेवारीत सिडनीला, मालिकेत ३२ बळी घेतल्यावर, बुमराहला अखेरच्या डावात पाठीमुळे एकही चेंडू टाकता आला नव्हता. चॅम्पियन्स करंडकही हुकला. जबड्याने कोणी गोलंदाजी करीत नाही, वेगवान गोलंदाजाची पाठ मात्र चेंडूगणिक झिजते.

पुढे एजबॅस्टन आणि ओव्हल हे दोन्ही विजय नेमके त्याच्यावाचून मिळाले. तेव्हा ‘विश्रांती कशाला’ म्हणणारेच ‘मग त्याला घेताच कशाला’ म्हणू लागले. (चाहत्याला स्मरणशक्ती असते, ती फक्त धावफलकापुरती.)

सिराज पाचही कसोटी खेळला. ओव्हलवरचा शेवटचा बळी त्याचाच. त्याच्या पाठीविषयी मात्र मालिकाभर आमच्या दोन्ही पक्षांतून कोणी चकार शब्द काढला नाही.